कृपया दुसरा ब्राउझर निवडा

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अकरा फोन आहेत आणि त्यांतल्या एकावरही मला कुणी फोन करत नाही. ते तपासणीचे. आमचं ऑफिस लोकांना वेबसाइट बनवून देतं. बनवलेलं प्रत्येक पान या अकराही फोनांवर उघडायचं, दाबायचं, आडवं करायचं, मध्येच नेट तोडायचं आणि ते कुठे मोडतंय ते शोधायचं, हे माझं काम. बाकीचे बांधतात, मी पाडायला बघते. त्यामुळे ऑफिसात मी कुणाची लाडकी नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

फोनांना मी नावं दिली आहेत. मागे चिकटपट्टी लावून पेनने लिहिली आहेत. एक ‘थोरला’, सांगाल ते ऐकणारा. दोन ‘जुळे’. एक ‘मामा’, कामाच्या वेळी हमखास झोपणारा. आणि एक ‘सासूबाई’. सासूबाई दिसायला देखण्या, अंगाने भक्कम, कधी अडकत नाहीत, पण घरात नवीन काही आणलं की आधी ‘नाही’ म्हणणार. का नाही, ते सांगणार नाहीत. बाजारात सासूबाईंच्या जातीचे फोन भरपूर खपतात आणि ज्यांच्याकडे ते असतात ते त्यांच्यावर जीव टाकतात. माझा दादाही त्यातलाच.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याला जन्मापासून दिसत नाही. कोर्टातल्या सुनावण्यांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा, हे काम तो एकोणीस वर्षं करतोय. आधी टाइपरायटर होता, सहा वर्षांपूर्वी फोन आला, मधला कॉम्प्युटर त्याने कधी शिवलाच नाही. फोन शर्टाच्या खिशात, छोटा कीबोर्ड मांडीवर, कानात रेकॉर्डिंग. स्क्रीन कायमची काळी करून ठेवलेली. “मला काय करायचाय उजेड? उगीच बॅटरी खातो,” असं म्हणतो. स्क्रीनवरचं सगळं फोनमधली एक बाई त्याला वाचून दाखवते. तिचा वेग त्याने इतका वाढवलाय की आपल्याला नुसती किरकिर ऐकू येते. त्या किरकिरीत त्याला स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतात. मिनिटाला पासष्ट शब्द. दोन वकील एकाच वेळी एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी कोण काय म्हणालं यात त्याची चूक होत नाही.

गेल्या वर्षी कोर्टाने हे सगळं काम एका वेबसाइटवर आणायचं ठरवलं. पानावरच रेकॉर्डिंग ऐकायचं, तिथेच टाइप करायचं, तिथूनच पाठवायचं. ते कंत्राट आमच्या ऑफिसला मिळालं. मी त्याच दिवशी पेढे वाटल्यासारखी ही बातमी दादाला सांगितली होती. कंत्राटात अट होती की टायपिस्टकडे जो फोन असेल त्याच्यावर पान चाललं पाहिजे. म्हणून तर ॲप न करता वेबसाइट करायची ठरली. ॲप म्हटलं की प्रत्येक कंपनीच्या दुकानाची परवानगी मागत बसा. वेबचं पान कुणाच्या बापाचं नसतं, ते कुठेही उघडतं. निदान मी तरी तोवर तसं समजत होते.

आमच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे ‘नव्वद’ म्हणतात. म्हणजे त्यांच्या मागे. काहीही विचारा, “नव्वद टक्के लोकांना अडचण नाही ना?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. माणूस वाईट नाही. मला खोकला झाला तेव्हा स्वतःहून औषध आणून दिलं होतं. पण दहा टक्के नावाची माणसं असतात, यावर त्यांचा विश्वास नाही.

परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी मी त्यांच्या खोलीत गेले. हो, परीक्षा. नवी वेबसाइट सुरू होताना कोर्ट सगळ्या जुन्या टायपिस्टांची परीक्षा घेणार होतं. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच यांत कधीही बसायचं, एकदाच बसता येणार, आणि मिनिटाला किमान चाळीस शब्द. नापास झालेल्याचं नाव यादीतून कमी.

“सर, सासूबाईंवर रेकॉर्डिंग वाजत नाही,” मी म्हटलं. “वाचून दाखवणारा आवाज चालू केला की तर पुढची बटणंही सापडत नाहीत.”

“थोरल्यावर?”

“थोरल्यावर पळतंय.”

“मग?”

मग मी त्यांना समजावलं. रेकॉर्डिंग वाजवायची जी नवी पद्धत आपण वापरली आहे, ती थोरल्याच्या कंपनीने काढलेली आहे. सासूबाईंची कंपनी ती मानत नाही. ही म्हणते, आम्ही लोकांची सुरक्षितता जपतो. ती म्हणते, आम्ही जगाला पुढे नेतो. दोघींचं बोलणं ऐकलं की वाटतं, काय ही सज्जन माणसं! आणि पान उघडायला बसलेल्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“साधी गोष्ट आहे,” नव्वद म्हणाले. “पान उघडत नसेल तर निरोप दाखवायचा. दुसरा ब्राउझर वापरा. ग्राहकाला निवड आहे. बाजारात पन्नास ब्राउझर आहेत.”

“सर, त्या फोनवर निवड नाही. ब्राउझर पन्नास घाला, आतलं इंजिन एकच. त्या कंपनीने आपल्या फोनवर दुसरं इंजिन येऊच दिलेलं नाही. एका रस्त्यावर पाच खानावळी, पाच पाट्या, पाच रंगांच्या खुर्च्या, आणि मागे स्वयंपाकघर एकच. एकीत भाजी खारट लागली म्हणून दुसरीत जाऊन बसलात तर काय होणार?”

ते हसले. खानावळ त्यांना आवडली असावी. मग म्हणाले, “हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. कोर्टाला कुठे माहीत आहे? आपण म्हणतोय की दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालतं. अट पूर्ण. कोड आज संध्याकाळी गोठतोय. आता एक अक्षर बदलायचं नाही. निरोप तेवढा तू लिहून दे, तुझी भाषा चांगली आहे.”

मी अहवाल लिहिला. ‘अमुक जातीच्या फोनवर पान निरुपयोगी. ब्राउझर बदलूनही फरक नाही. दृष्टिहीन टायपिस्टांना परीक्षा देता येणार नाही.’ तारीख घातली, सही केली. नव्वदांनी त्यावर शेरा मारला, ‘निरोपाने प्रश्न सुटतो. बंद.’ आणि मग मी तो निरोपही लिहिला. इथे कुणी मला बळजबरी केली नव्हती. चहा पीत पीत, चांगली दहा मिनिटं घालवून लिहिला. ‘क्षमस्व! हे पान आपल्या ब्राउझरमध्ये चालत नाही. कृपया दुसरा ब्राउझर निवडा.’ आधी ‘माफ करा’ होतं, ते खोडून ‘क्षमस्व’ केलं. खोटं बोलायचं तर निदान नीटनेटकं बोलावं, अशी आमच्याकडची रीत.

शनिवारी दुपारी दादाचा फोन आला. कोर्टाने सरावासाठी पान उघडून दिलं होतं.

“बारके, तुमचं पान माझ्याशी बोलत नाही गं. दुसरा ब्राउझर निवडा म्हणतंय. मी निवडला. तोही तेच म्हणतो. आता चौथा घातलाय. चारही जण एकाच शाळेत शिकल्यासारखे तेच वाक्य म्हणतायत. मी काही चुकतोय का?”

चारही ब्राउझर फोनवर घालताना त्याला किती वेळ लागला असेल याचा मी हिशेब केला. प्रत्येक वेळी दुकान उघडायचं, नाव बोलायचं, पासवर्ड एकेक अक्षर ऐकत टाकायचा, अटींचं पाल्हाळ ऐकायचं.

“तू चुकत नाहीयेस,” मी म्हटलं. “पाचवा घालू नकोस. मी उद्या येते.”

रविवारी मी थोरल्याला पर्समध्ये घालून दादाकडे गेले. ऑफिसचा फोन घरी न्यायचा नाही असा नियम आहे. तो मी मोडला आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. मला वाटत होतं मी फार शहाणपणाचं करतेय. पान फोनला जुळत नाही ना? मग फोन बदलू. चार दिवस आहेत. दादा काय, तासाभरात शिकेल.

दादाची खोली तीन पावलं रुंद आणि पाच पावलं लांब. टेबल खिडकीला पाठ करून, कारण उजेडाशी संबंध नाही आणि रस्त्याचा आवाज मागून आलेला बरा. प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी. वहिनी दाराशी उभी राहून बघत होती. ती कारखान्यात कापड तपासते, त्यामुळे दोष शोधणाऱ्या बाईला दोष शोधणारी बाई बरोबर ओळखते.

“शिकवून बघा,” ती म्हणाली. “पण यांचा हात त्या फोनला बसलाय. नवीन जोडा घालून शर्यतीला कुणी जातं का?”

वहिनी खरं बोलत होती आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

सासूबाईंच्या जातीच्या त्याच्या फोनवर दादा दोन बोटं फिरवतो तेव्हा थोरल्यावर तीन लागतात. तिथे मागे जायला खालून वर, इथे बाजूने आत. वाचून दाखवणारी बाई वेगळी. ती ऱ्हस्व अक्षरं गिळते आणि वेग वाढवला की तोंडात सुपारी धरल्यासारखं बोलते. कीबोर्ड तोच जोडला, पण या कंपनीने अक्षरांची मांडणी वेगळी केलेली. ‘न’ दाबायला जावं तर ‘ल’. दादाने पहिलं वाक्य टाइप केलं आणि बाईने ते वाचून दाखवलं. एकही शब्द धड नव्हता. तो हसला. दुसऱ्या वाक्यालाही हसला. तासाभराने हसायचा थांबला.

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मी ऑफिस सुटलं की तिकडे. रविवारी अकरा शब्द. चौदा. एकोणीस. बुधवारी बावीस. रेकॉर्डिंग थांबवायला त्याची बोटं जुन्या सवयीने चालायची आणि पान बंद व्हायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. तो एकदाही माझ्यावर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी रात्री जेवायच्या आधी त्याने कीबोर्ड मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “बारके, एक सांगू? मी आंधळा आहे हे मला लहानपणी शेजारच्यांनी सांगितलं होतं. मला स्वतःला ते या आठवड्यात पहिल्यांदा समजलं.”

मला रडू आलं आणि मी रडले. त्याला ऐकू गेलंच. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. “चल, उद्या दुपारी दोनला बसतो. सकाळभर सराव करतो. चाळीस नाही तर निदान तीस होतील.”

ऑफिसात मी त्या तीन दिवसांत काय केलं? जे जे करता येईल ते केलं. नव्वदांच्या खोलीत तीनदा गेले. पालथ्या घड्यावर पाणी. “तुझा भाऊ आहे म्हणून तुला तसं वाटतंय,” असं ते तिसऱ्या वेळी म्हणाले. मी म्हटलं, “भाऊ नसता तर वाटलं नसतं, हीच तर शरमेची गोष्ट आहे.” त्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मग मी गुरुजींकडे गेले. गुरुजी आमच्याकडचे सगळ्यात जुने प्रोग्रामर. डोळ्यांवर दोन चष्मे, एक लावलेला आणि एक कपाळावर. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो, नवी पद्धत लागतेच कशाला? आवाज वाजवायची साधी, जुनी पद्धत आहे की. वीस वर्षांची. ती थोरल्यावर चालते, सासूबाईंवर चालते, तुमच्या त्या झोपाळू मामावरही चालते. फक्त दिसायला तेवढी झोकदार नाही. अर्ध्या दिवसाचं काम.”

“मग करा ना!”

“करून ठेवलंय, सोमवारीच. पण साइटवर चढवायची परवानगी त्यांची.” गुरुजींनी नव्वदांच्या दाराकडे मान हलवली. “मी पण तीनदा जाऊन आलोय.”

गुरुवारी साडेनऊला मी ऑफिसात पोचले. नव्वद कोर्टात, उद्घाटनाला. मी नोंदींचं पान उघडलं, ज्यात कोण कधी आलं, कुणाला कोणता निरोप दिसला ते मिनिटामिनिटाने उमटतं. पहिल्या अर्ध्या तासात माझा निरोप अडतीस माणसांना दिसला होता. वाचत खाली गेले. एक फोन होता. कुणाचा ते कळत नाही, फक्त आकडा. नऊ वाजून दोन मिनिटांनी निरोप दिसला. नऊ आठला, दुसऱ्या ब्राउझरमधून, पुन्हा तोच निरोप. नऊ चौदाला तिसऱ्यातून. नऊ एकवीसला चौथ्यातून. त्या माणसाने माझ्या वाक्यावर चार वेळा विश्वास ठेवला होता. मी ‘कृपया’ म्हटलं होतं ना!

माझं डोकं फिरलं. दुसरा शब्द नाही त्याला.

कोड गोठलेला असतो, पण पानांवरची वाक्यं वेगळ्या फाइलमध्ये असतात. शुद्धलेखन दुरुस्त करायला ती फाइल मला उघडता येते. मी उघडली. माझं गोंडस वाक्य पुसलं आणि लिहिलं, ‘हे पान आम्ही तुमच्या फोनसाठी बनवलेलं नाही. चूक तुमची नाही, आमची आहे. दुसरा ब्राउझर घालून काहीही उपयोग होणार नाही. वेळ घालवू नका. तक्रारीसाठी या नंबरवर लगेच फोन करा.’ आणि खाली नव्वदांचा नंबर दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नोकरी जाईल हे कळत होतं, तरी बोट थांबलं नाही.

दहाच्या सुमारास नव्वद कोर्टातून परत आले ते कानाला फोन लावूनच. खोलीत गेले, दार लावलं. काचेतून दिसत होतं. एक फोन ठेवला की दुसरा. बसून, उभे राहून, भिंतीला टेकून. अकराला त्यांनी टाय काढला. साडेअकराला दार उघडून ते माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, झालं, सामान आवरा. ते नुसते उभे राहिले. हातातला फोन वाजतच होता.

“त्रेचाळीस,” ते म्हणाले. “त्रेचाळीस फोन आले. एक बाई रडत होती. एकाने मला धन्यवाद दिले, खरं सांगितल्याबद्दल.” मग म्हणाले, “तुझं मी नंतर बघतो. गुरुजींना सांग, चढवा ते.”

बारा वाजून वीस मिनिटांनी गुरुजींनी जुनी पद्धत चढवली. मी सासूबाई हातात घेतल्या, पान उघडलं, आवाज चालू केला, बटण दाबलं. रेकॉर्डिंग वाजलं. कोर्टाने जाहीर केलं की ज्यांचं पान उघडलं नाही त्यांना संध्याकाळी सातपर्यंत मुदत. आणि दादा बसणार होता दोनला. दीड तास हातात होता! मी त्याला फोन लावला, त्याचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. वहिनीचा कारखान्यात लॉकरमध्ये असणार. मी पर्स उचलली आणि कुणाला न विचारता निघाले. रिक्षात बसल्यावर मी चक्क गुणगुणत होते. त्याला काय सांगायचं ते ठरवत होते. ठेव तो थोरला बाजूला, तुझा तू फोन घे, पासष्टने बडव त्यांना.

दार वहिनीने उघडलं. तिने सुट्टी घेतली होती. वरच्या मजल्यावर काहीतरी कापायच्या यंत्राचा भयंकर आवाज चालू होता. ती ओरडून म्हणाली, “वर फरशी बसवतायत. काल रात्री उशिरा नोटीस लावली, अकरापासून काम. त्या आवाजात रेकॉर्डिंग काय ऐकू येणार? म्हणून नऊच्या ठोक्याला बसले.”

दादा टेबलाशी होता. कीबोर्ड मांडीवर नव्हता. थोरला टेबलाच्या मधोमध, नीट सरळ ठेवलेला.

“आलीस?” तो म्हणाला. “चाललं हं तुमचं पान. शेवटपर्यंत चाललं. कुठे अडकलं नाही. निकालसुद्धा लगेच वाचून दाखवला तिने.”

“किती?”

“चोवीस.”

मी पलंगावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. पुसलेला निरोप, नव्वदांचा फोन, गुरुजींची जुनी पद्धत. वरातीमागून घोडं. तो ऐकत राहिला. वरचं यंत्र थांबलं की मी बोलायचे, सुरू झालं की थांबायचे. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मी तुझं ऐकलं नसतं, नुसता गप्प बसून राहिलो असतो, तर आत्ता माझ्या फोनवर बसलो असतो.”

“हो.”

“असो,” तो म्हणाला. आणि थोरला टेबलाच्या कडेला सरकवला.

मी कोर्टाच्या परीक्षा विभागाला फोन लावला. पाऊण तासाने एक कारकून मिळाला. मी म्हटलं, माझ्या भावाला पुन्हा बसू द्या, त्याच्या फोनवर पान उघडत नव्हतं.

“ज्यांचं उघडलं नाही त्यांना मुदत आहे,” तो म्हणाला. “यांचं उघडलं. यांनी परीक्षा पूर्ण केली. रेकॉर्डला आहे.”

“अहो, दुसऱ्याच्या फोनवर! सवय नसलेल्या फोनवर!”

“त्यांना कुणी सांगितलं दुसरा फोन घ्यायला?”

मी टेबलावरच्या थोरल्याकडे पाहिलं.

“हे बघा ताई,” कारकून जरा नरमला. “गाऱ्हाणं असेल तर लेखी द्या, पाचच्या आत. पण नुसतं ‘चालत नव्हतं’ चालणार नाही. इथे ज्याला त्याला तसंच म्हणायचंय. साइट बनवणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं, असा काही कागद आहे का?”

कागद होता. माझ्या सहीचा, नव्वदांच्या शेऱ्याचा, शुक्रवारच्या तारखेचा. ऑफिसचा कागद बाहेर देणं म्हणजे काय, हे नोकरीला लागताना माझ्याकडून वाचून घेऊन सही करून घेतलेलं आहे. निरोपाच्या फाइलवरून नोकरी कदाचित राहिली असती. यावरून राहणार नव्हती.

“अर्ज मी टाइप करतो,” दादा म्हणाला. “तू सांग.”

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला, चालू केला, कीबोर्ड मांडीवर घेतला. वरचं यंत्र नेमकं थांबलं होतं. मी माझ्या फोनवर अहवाल उघडला आणि वाचायला लागले. त्याची बोटं माझ्या आवाजाच्या अर्धा शब्द मागे पळत होती. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. तारीख झाली. फोनची जात झाली. ‘दृष्टिहीन टायपिस्टांना परीक्षा देता येणार नाही’ झालं. नव्वदांचा शेरा झाला.

“पुढे?”

“हे माहीत असूनही पानावर पुढील निरोप दाखवण्यात आला,” मी सांगितलं. “‘क्षमस्व! हे पान आपल्या ब्राउझरमध्ये चालत नाही. कृपया दुसरा ब्राउझर निवडा.’ हा निरोप खोटा होता.”

दादाने सगळं टाइप केलं, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने विचारलं, कारण कोर्टाच्या कागदात कुणाचं वाक्य आहे ते लिहिल्याशिवाय वाक्य लिहीत नाहीत.

“हे कोण म्हणालं? नाव काय घालू?”

“माझं,” मी म्हटलं.

त्याची बोटं थांबली. वर यंत्र पुन्हा सुरू झालं. त्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल असं मला क्षणभर वाटलं, आणि मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पण तोवर त्याने माझं पूर्ण नाव टाइप केलं होतं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढचं वाक्य ऐकायला मान माझ्याकडे वळवली होती.